कोड्यांतील न्याय

कोडें कठीण असावें कीं सोपें, यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. परंतु अमुक कोडें न्यायाचें आहे कीं अन्यायाचें, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक पाहतां कठीणपणा हा कोड्याचा दोष नव्हेच. जें आपल्याला सुटलें नाहीं, पण ज्याचें उत्तर ऐकतांच आपण स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतों, तें कोडें न्यायाचें; आणि उत्तर ऐकल्यावर ज्याच्या कर्त्याचा राग येतो, तें अन्यायाचें. ही कसोटी दिसावयास घरगुती आहे खरी, परंतु तिच्यामागें बराच मोठा इतिहास आहे. त्या इतिहासांतील कांहीं स्थळें चिंचवड, आळंदी आणि चाकण या तीन गांवांच्या टापूंत येतात, आणि त्याचें अगदीं अलीकडचें प्रकरण संगणकावरील शब्दांच्या खेळांत लिहिलें गेलें आहे. आज ज्या टापूंत मोटारींचे कारखाने आणि संगणकाच्या कचेऱ्या शेजारीशेजारी उभ्या आहेत, त्याच टापूंत हीं दोन टोकें एकमेकांस भेटतात, म्हणून हा विषय येथें घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चिंचवड हें मोरया गोसाव्यांचें गांव. पवनेच्या कांठीं त्यांची समाधि आहे, आणि गाणपत्य संप्रदायांत या स्थानाचा मान मोठा आहे. तेव्हां आरंभ गणपतीच्याच कथेनें करणें उचित होय. व्यासांनीं महाभारत सांगावें व गणपतीनें तें लिहून घ्यावें असें ठरलें, तेव्हां आपली लेखणी क्षणभरही थांबतां कामा नये अशी अट गणपतीनें घातली. त्यावर, अर्थ कळल्यावांचून एकही अक्षर लिहावयाचें नाहीं अशी उलट अट व्यासांनीं घातली. मग पुढील श्लोक जुळविण्यास सवड मिळावी म्हणून व्यास मधूनमधून एखादा कूट श्लोक सांगत. अशा कूट श्लोकांची संख्या परंपरेनें ८८०० सांगितली आहे. भांडारकर संस्थेनें सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तींत ही कथा मूळ संहितेंत ठेवलेली नाहीं. ती मागाहूनची भर ठरली आहे. परंतु कथा मागाहूनची म्हणून तिच्यांतील शहाणपण कांहीं कमी होत नाहीं. दोन्ही पक्षांस खेळाचे नियम आधींच ठाऊक आहेत. कूट श्लोक गणपतीला अडवितो, पण कायमचा अडवीत नाहीं. त्यांतील एकही श्लोक असा नव्हता कीं ज्याच्यापुढें गणपतीची लेखणी मुळींच चालूं नये. कारण तसें झालें असतें तर ग्रंथच तेथें थांबला असता, आणि नुकसान गणपतीचें नव्हे, व्यासांचें झालें असतें. कोडें घालणाराचा स्वार्थ कोडें सुटण्यांतच असतो, ही गोष्ट पुढच्या पुष्कळ कोडेकारांच्या ध्यानांत राहिली नाहीं, असें आमचें मत आहे.

त्याच महाभारतांतील यक्षाची कथा घ्या. प्रश्नांचीं उत्तरें दिल्यावांचून पाण्यास हात लावूं नकोस, असें यक्ष प्रत्येक भावास स्पष्ट सांगतो. चौघे ऐकत नाहींत व मरून पडतात. शासन भयंकर आहे, पण सूचना आधीं दिलेली आहे, आणि धर्मराजानें उत्तरें दिल्यावर मेलेले चौघेही परत उठतात. संगणकावरील साहसखेळांचे निर्माते हे दोन नियम शिकण्यासाठीं पुढें बरीच वर्षें धडपडले, तें सांगण्यासारखें आहे. पण तत्पूर्वीं आळंदीस जावयास हवें.

चांगदेवांनीं ज्ञानेश्वरांस कोरा कागद पाठविला, ही कथा महाराष्ट्रांत कोणास सांगावयास नको. ज्ञानेश्वर वयानें लहान, म्हणून ‘चिरंजीव’ लिहावें, तर ते ज्ञानानें थोर. ‘तीर्थरूप’ लिहावें, तर ते वयानें कोंवळे. मायनाच ठरेना, तेव्हां कागद तसाच धाडला. चौदाशें वर्षें जगूनही हा कोरा तो कोराच राहिला, अशा अर्थाचें मुक्ताबाईचें बोलणें परंपरेनें जपून ठेविलें आहे. ज्ञानेश्वरांनीं उत्तरादाखल पांसष्ट ओंव्या लिहिल्या, ती ‘चांगदेवपासष्टी’. कोडें म्हणून कोणी घातलें नाहीं, आणि तरीही हें कोडें आहे; शिवाय वरवर पाहतां तें अत्यंत अन्यायाचें आहे, कारण त्यांत एक अक्षरही नाहीं. पण थोडा विचार केला म्हणजे दिसतें कीं खूण आहे, आणि ती अचूक आहे. कागद नुसता कोरा असता तर तो कागदच राहिला असता. तो पत्र म्हणून आला. पत्राचा आरंभ मायन्यानें होतो, हें पाठविणारा व घेणारा दोघांसही ठाऊक. तेव्हां जें नाहीं, तें नेमकें कोठें नाहीं हें वाचणारास कळतें. समान माहितीच्या आधारावर रिकामी जागासुद्धां बोलूं शकते. आणि ती समान माहिती नसेल तर भरलेलें पानही मुकें राहतें.

याची दुसरी बाजूही त्याच भावंडांच्या काव्यांत आढळते. ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें, म्हणजे सन १२९० त, ज्ञानेश्वरी सांगितली ती देशी भाषेंत, आणि एकेका सिद्धांतावर दृष्टांतांचा असा वर्षाव केला कीं कोणा ऐकणारास ‘मला समजलें नाहीं’ म्हणण्यास सबब उरूं नये. परंतु त्यांच्याच नांवावर, आणि मुक्ताबाई, नामदेव, एकनाथ यांच्याही नांवांवर कूट अभंग आहेत. त्यांतील मुंगीनें सूर्य गिळल्याचा मुक्ताबाईचा अभंग सर्वांच्या तोंडीं आहे. त्याचे अर्थ टीकाकारांनीं नाना प्रकारें लावले आहेत. कोणी मुंगी म्हणजे सूक्ष्म झालेली वृत्ति समजतो, कोणी कुंडलिनी. अर्थ अनेक निघावे हें काव्याचें वैभव असेल, पण कोड्याचा तो धर्म नव्हे. कुलपांत किल्ली फिरल्याचा आवाज ऐकूं यावा लागतो. तो ऐकूं आला नाहीं तर दार उघडलें कीं नाहीं हें सोडविणारास कळणार कसें? कूट अभंगांस आम्ही यास्तव दोष देत नाहीं. ते परीक्षेसाठीं किंवा करमणुकीसाठीं रचलेलेच नव्हते. योगमार्गांतील अनुभव अधिकारी पुरुषास कळावा व इतरांस झांकलेला राहावा, हाच त्यांचा हेतु होता, आणि गुरु जवळ असल्यास किल्लीही जवळच असे. तो दाराला लावलेला अडसर होता, आणि अडसराला न्यायाचें कोडें म्हणण्याचें कारण नाहीं. घोटाळा होतो तो मागाहून कोणी अडसर लावून त्यालाच कोडें म्हणूं लागतो तेव्हां.

लोकांत मात्र खऱ्या कोड्यांचा बाजार भरलेलाच होता. कोंकणांत व गोमंतकांत हुमाण, देशावर उखाणा. आज लग्नांत नांव घेण्याच्या ओळींस उखाणा म्हणतात, परंतु जुना उखाणा म्हणजे कोडेंच. शाहिरांच्या फडांवर कलगी व तुरा असे दोन पक्ष होते. कलगीवाले शक्तीचें श्रेष्ठत्व सांगत, तुरेवाले शिवाचें. आणि भेदिक लावणींतून पुराणांतला किंवा वेदांतांतला एखादा अडचणीचा प्रश्न प्रतिपक्षावर टाकीत. त्याचें उत्तर पद्यांतच, शक्य तर त्याच चालीवर, भर सभेंत द्यावें लागे. तमाशांतील सवाल-जवाब हा त्याच घराण्यांतला. चाकणाहून नाशिकच्या रस्त्यानें उत्तरेस गेलें कीं नारायणगांव लागतें, आणि तेथें तमाशाच्या फडांच्या राहुट्या आजही पडतात. या सर्व प्रकारांत पंच एकच, तो म्हणजे समोर बसलेला श्रोता. उत्तर बरोबर ठरलें तर तें सर्वांस बरोबर वाटलें पाहिजे. प्रश्नकर्त्याच्या मनांत कांहींतरी निराळेंच होतें अशी पळवाट तेथें चालावयाची नाहीं.

ती पळवाट छापील कोड्यांनीं काढली, आणि तिचा निवाडा शेवटीं न्यायालयास करावा लागला. गेल्या शतकाच्या मध्यास शब्दकोड्यांच्या बक्षिसी स्पर्धांचें वेड मुंबई इलाख्यांत इतकें बोकाळलें होतें कीं १९४८ सालीं मुंबई सरकारनें त्यांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. बंगळूराहून निघणाऱ्या एका साप्ताहिकांतील ‘आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्स’ या स्पर्धेचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि ९ एप्रिल १९५७ रोजीं सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनीं ती स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाची असल्याचा निर्णय दिला. अशा स्पर्धांचें मर्म असें कीं एका सूचनेस दोन शब्द सारखेच शोभावेत, आणि कचेरींत आधींच ठरवून ठेवलेल्या उत्तराशीं जुळेल तोच शब्द खरा मानावा. मग विद्वत्तेचा उपयोग काय? कोश पाठ असलेला पंडित आणि नाणें उडविणारा पोर एकाच रांगेंत उभे. यश कौशल्यावर बऱ्याच अंशीं अवलंबून असेल तर तो जुगार नव्हे, हें तत्त्व त्याच सुमाराच्या निर्णयांनीं पक्कें केलें. आम्हांस यांतील मौज वाटते ती ही कीं, मुंगीच्या अभंगाच्या अनेक अर्थांत आध्यात्मिक असलेली अडचण येथें प्रवेश-फीसह बाजारांत आली व सरकारी कायद्याच्या कलमांत जाऊन बसली.

आतां यंत्राकडे वळूं. अमेरिकेंत केंटकी प्रांतांत मॅमथ केव्ह नांवाची अफाट गुहा आहे. तिच्या पोटांत उतरून नकाशे काढणारा विल क्राउदर हा संगणकाचा जाणकार. त्यानें १९७५-७६ च्या सुमारास आपल्या मुलींच्या करमणुकीसाठीं एक खेळ लिहिला. त्यांत चित्र नाहीं, आवाज नाहीं. तुम्ही कोठें उभे आहां हें यंत्र शब्दांनीं सांगतें, तुम्ही दोन शब्दांची आज्ञा लिहितां, आणि यंत्र पुढचा प्रसंग सांगतें. १९७७ मध्यें डॉन वुड्स यानें त्यांत पुष्कळ भर घातली. या जातीस टेक्स्ट ॲडव्हेंचर, म्हणजे शब्दमय साहसखेळ, असें नांव पडलें. या पहिल्याच खेळांत न्यायाचें व अन्यायाचें अशीं दोन्ही उदाहरणें शेजारींशेजारीं सांपडतात. एका भुलभुलैयांत सगळ्या वाटांचें वर्णन अक्षरशः एकच आहे. कोणती जागा कोणती, हें ओळखावयाचें कसें? तर आपल्या पिशवींतील एकेक वस्तु प्रत्येक ठिकाणीं टाकीत जावयाचें, म्हणजे जागा आपोआप निराळ्या होतात. रानांत वाट चुकलेला गुराखीही फांद्या मोडून हेंच करतो. ज्ञान सर्वांपाशीं आहे, साधनें हातांत आहेत, आणि उत्तर सुचलें कीं शंका उरत नाहीं. याच्या उलट, पूर्ण ३५० गुणांतील शेवटचा एक गुण मिळविण्यासाठीं एक मासिक नेऊन एका विवक्षित आडजागीं टाकावें लागतें. कां? त्या मासिकाचा आणि त्या जागेचा संबंध खेळांत कोठेंही समजण्यासारखा नाहीं. वर्तमानपत्री स्पर्धेंतील कचेरीचें उत्तर तें हेंच.

पुढें एम. आय. टी. येथील मंडळींनीं ‘झॉर्क’ रचला व १९७९ त ‘इन्फोकॉम’ ही कंपनी काढली. त्या काळच्या घरगुती यंत्रांची स्मरणशक्ति इतकी तोकडी कीं त्यांत फार दालनें मावत नसत. तेव्हां थोडक्या जागेंत खेळणारास महिनोन् महिने गुंतवून ठेवावयाचें तर कोडीं अवघड करणें आलें. व्यासांसही सवडच हवी होती! फरक इतकाच कीं व्यासांस पुढचा श्लोक सांगावयाचा होता. १९८१ च्या दुसऱ्या ‘झॉर्क’मध्यें एक विचित्र दालन आहे, त्यांतून सुटावयाचें तर बेसबॉलच्या मैदानावर खेळाडू ज्या क्रमानें धांवतो त्या क्रमानें चालावें लागतें. अमेरिकेंतील पोरालाही हें माहीत. परंतु ज्यानें विटीदांडू, आट्यापाट्या आणि फार तर क्रिकेट पाहिलें त्यानें जन्मभर त्या दालनांत फिरत बसावें. अडलेल्या गिऱ्हाइकांसाठीं त्याच कंपनीनें गुप्त शाईनें छापलेल्या सूचनांचीं पुस्तकें विकलीं. खास लेखणी फिरविली कीं आधीं नुसता इशारा दिसे, मग थोडें उघड, आणि अखेर पुरें उत्तर. ही पायऱ्यापायऱ्यांची मदत आम्हांस फार पसंत आहे. नातवंडांस कोडें घालणारी कोणतीही आजी शाईवांचून तेंच करीत आली आहे.

या सर्व अनुभवांस नियमांचें रूप दिलें तें ग्रॅहॅम नेल्सन या इंग्रज गणितज्ञानें. १९९३ त त्यानें असे खेळ रचण्याची ‘इन्फॉर्म’ नांवाची भाषा तयार केली, आणि १९९५ मध्यें खेळणाराच्या सतरा हक्कांची यादी प्रसिद्ध केली. सूचना दिल्यावांचून खेळणारास मारूं नये. पूर्वीं मरून मिळविलेल्या किंवा पुढें घडावयाच्या गोष्टींच्या ज्ञानाची त्याच्याकडून अपेक्षा ठेवूं नये. खेळ जिंकतां येण्याच्या पलीकडे गेला असेल तर तें कळविल्यावांचून त्यास झुलवीत ठेवूं नये. नेमकें एकच क्रियापद लिहावयास लावूं नये. कोडें सुटल्यावर तें कां सुटलें हें त्यास कळावें. आणि खुणा समजण्यासाठीं त्यानें अमेरिकन असण्याची गरज पडूं नये! शेवटचा हक्क विनोदानें लिहिला असेल, परंतु सतरांमध्यें आम्हांस तोच सर्वांत भारी वाटतो.

कारण त्या ‘अमेरिकन’च्या जागीं आपण कोणासही बसवूं शकतों. १९५४ त पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना आला; १९६० नंतर चिंचवड, भोसरी, आकुर्डी या भागांत औद्योगिक वसाहत वाढली; १९८२ त पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि पुढें चाकणचीं शेतें मोटारींच्या कारखान्यांखालीं गेलीं. या वस्त्यांतून मराठवाडा, खानदेश, विदर्भ यांतून आलेलीं कुटुंबें आहेत, तशींच उत्तर प्रदेश, बिहार, केरळ येथून आलेलींही आहेत. एका वर्गांत बसलेल्या चाळीस मुलांना समान ठाऊक असलेली गोष्ट कोणती, हें सांगणें आळंदीच्या मंडपांत जितकें सोपें होतें तितकें येथें नाहीं. जात्यावरचें कोडें घ्या. एके काळीं तें न घालण्याइतकें सोपें होतें. आज सदनिकेंत वाढलेल्या मुलाला खुंटा, पाळी, वैरण या शब्दांतला एकही ठाऊक नसतो. आणि वैरण म्हणजे गुरांचा चारा एवढेंच ज्याला कळतें, तो जात्यांत वैरण घालावयाची ऐकून यंत्रासमोर गवत शोधीत फिरेल. हा दोष मुलाच्या माथीं मारणें म्हणजे बेसबॉल न खेळणारास मूर्ख म्हणण्यासारखेंच आहे. म्हणून कांहींनीं जातें सोडून द्या म्हटलें, तर तेंही आम्हांस मान्य नाहीं. आधींच्या एखाद्या दालनांत एक म्हातारी दळीत बसलेली दाखवावी. तिनें मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडांत टाकावी आणि ‘वैरण संपली ग’ असें सुनेस हांक मारून सांगावें. पुढच्या दालनांत तेंच जातें एकटें असलें तरी चालेल.

मराठींत असा खेळ रचणारापुढें आणखी एक अडचण आहे, आणि ती इंग्रजी रचनाकारांस फारशी पडत नाहीं. यंत्रास ‘दिवा’ हा शब्द शिकविला, पण खेळणारा लिहितो ‘दिव्यांत तेल घाल’. सामान्यरूपानें शब्दाचा चेहराच बदलला. तेल घालावें, ओतावें, कीं दिवा तेलानें भरावा? तिघांचाही अर्थ एक, आणि तिघांसही यंत्रानें हो म्हटलें पाहिजे. तो दिवा घालवितांना तर पंचाईतच. एक जण ‘विझव’ लिहील, दुसरा ‘मालव’, आणि ज्याच्या घरीं देवापुढें समई तेवते तो ‘शांत कर’ असेंच लिहील, कारण दुसरें लिहिण्यास त्याची बोटें धजणार नाहींत. बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’, दुकान बंद केलें तर तेंही ‘वाढवलें’. आणि निघतांना आपण ‘जातों’ म्हणतच नाहीं, ‘येतों’ म्हणतों. सभ्य घरांत वाढलेल्या एखाद्या मुलीनें वाड्यांतून बाहेर पडण्यासाठीं ‘येतें’ असें टाइप केलें आणि यंत्रानें तिला पुन्हां माजघरांत आणून उभें केलें, तर तिनें काय करावें? रचनाकारानें व्याकरणाबरोबर ही रीतभातही यंत्रास शिकविली पाहिजे. हिंजवडीच्या कचेऱ्यांत बसणाऱ्या आमच्या तरुणांस यंत्राची विद्या कमी नाहीं. हें दुसरें काम मात्र त्यांनीं घरीं आईजवळ बसून करावयाचें आहे.

चांगदेवांचा कागद अशा खेळांत घालतां येईल काय, असा विचार आमच्या मनांत पुष्कळदां येतो. आळंदीची गोष्ट ठाऊक असणारास तें कोडेंच नव्हे, आणि ठाऊक नसणारास त्यांत धरावयास कांहींच नाहीं. परंतु नदीकांठचें एक घर कल्पावें. देवडींत एक पत्र पडलें आहे. तें बापानें मुलास लिहिलें असून त्याचा आरंभ ‘चिरंजीव’ या शब्दानें होतो. माडीवर दुसरें आहे. तें मुलानें बापास लिहिलें असून त्याचा आरंभ ‘तीर्थरूप’ असा आहे. खेळणारा दोन्हीं वाचतो, कोण कोणास काय म्हणतें हें त्याच्या ध्यानांत येतें, मग तो पाटण्याहून आलेला असो कीं पैठणाहून. यानंतर ओसरीवर बसलेला एक अतिवृद्ध योगी त्याच्या हातीं घडी केलेला कागद देतो, आणि पलीकडे खेळत असलेल्या पोराकडे बोट दाखवून हें त्याला नेऊन दे, पण मीं काय लिहावयाचें राहिलें तें आधीं मला सांग, असें म्हणतो. घडी उघडावी तर आंत कांहीं नाहीं. येथें खेळणारानें ‘मायना’ लिहिलें, ‘नांव’ लिहिलें, ‘चिरंजीव कीं तीर्थरूप’ असें लिहिलें, तरी यंत्रानें तें बरोबर धरावें. आणि एवढ्यावरही तो अडलाच, तर योग्यानें देवडीकडे नुसती मान वळवून पाहावें.